तीन घोड्यांचं कारंजं

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नकाशेबाईंना विचारल्याशिवाय कुणी रस्त्यावर कुदळ मारत नसे. सव्वीस वर्षं त्या तिथे नकाशे काढत होत्या. जमिनीखालची कुठली लाइन कुठून निघते, कुठे वळते, कुठल्या व्हॉल्व्हपाशी थांबते, सगळं तोंडपाठ. खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं; शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना नकाशेबाईच म्हणत.

शहर ना धड लहान ना धड मोठं. अशा शहरांना असतो तसा त्यालाही अभिमान फार. स्टेशनपासून कचेरीपर्यंतचा रस्ता इतका सरळ, की म्हणे एका टोकाला ठेवलेला दिवा दुसऱ्या टोकाला दिसतो. घड्याळाच्या मनोऱ्याला एकशेअकरा पायऱ्या, आणि प्रत्येक माणसाने त्या एकदा तरी मोजलेल्या. पाहुणा आला की त्याला आधी पाणी आणि मग रस्ता, मनोरा, तळं. यातून सुटका नसे.

त्या वर्षी नकाशेबाईंचा थोरला भाऊ एकतीस वर्षांनी गावी आला. वहिनींना त्याने गाव पहिल्यांदाच दाखवायला आणलं होतं. वहिनी शांत स्वभावाच्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या गावाचं कौतुक ऐकून त्यांचे कान किटले होते, पण चेहऱ्यावर कधी दिसू दिलं नाही. सरळ रस्ता पाहून त्या "खरंच हो" म्हणाल्या. मनोऱ्याच्या पायऱ्या चढून वर धापा टाकत पुन्हा "खरंच हो" म्हणाल्या.

"आता खरी गंमत," दादा हात चोळत म्हणाला. "चौकात चल. तीन घोड्यांचं कारंजं."

चौकात चार फुलांचे वाफे होते, दोन बाकं होती, मधोमध कबुतरं दाणे टिपत होती. दादा तिथे थांबला आणि चष्मा पुसून पुन्हा बघू लागला.

"ठमे, कारंजं कुठे गेलं?"

"कुठलं कारंजं?" नकाशेबाई म्हणाल्या.

"अगं, तीन घोडे! तोंडातून पाणी उडायचं. मधल्याचा कान तुटलेला. आई आपल्याला कठड्यावर बसवायची. तुझा लाल बूट पाण्यात पडला होता, आठवत नाही? भोकाड पसरलं होतंस!"

"बूट तळ्यात पडला होता, दादा."

"तळ्यात? तळ्यावर आपण कधी गेलो?"

वहिनी एकदा नवऱ्याकडे, एकदा नणंदेकडे बघत राहिल्या. या वेळी त्या "खरंच हो" म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी नकाशेबाईंनी दादाला आणि वहिनींना कचेरीत नेलं. रेकॉर्ड रूममधल्या लोखंडी कपाटातून त्यांनी साठ वर्षांपूर्वीपर्यंतचे ट्रेसिंग कागदावरचे नकाशे काढून टेबलावर पसरले. कागद पापडासारखे झाले होते. चौकाखालून एक मोठी लाइन आरपार गेलेली. तिला फाटा म्हणून एकच, कोपऱ्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या नळाचा.

"कारंज्याला पाणी लागतं," त्या म्हणाल्या. "पाण्याला नळ लागतो. दाखव कुठे आहे."

"तुझ्या कागदावर नाही म्हणजे नव्हतंच का? कागद काय ब्रह्मवाक्य आहे?" दादा चिडला. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

तिथून तो तडक चौकातल्या सलूनमध्ये गेला. मागोमाग या दोघी. सलूनवाला कुणाच्या तरी गालाला फेस लावत होता.

"कारंजं? होतं तर!" तो ब्रश हवेत नाचवत म्हणाला. "माझे वडील रोज त्यात वस्तरा धुवायचे. एवढं मोठं कारंजं आसपासच्या कुठल्या गावात होतं, सांगा बरं!"

दादाने बहिणीकडे असं बघितलं, की आता बोल. तेवढ्यात फेस लावलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "घोडे चार होते पण."

नकाशेबाईंना हसू आलं आणि लगेच विरलं. आपण एकट्याच शहाण्या आणि अख्खा गाव वेडा, असं होतं का कधी? त्या संध्याकाळी त्या खात्यातल्या निवृत्त फिटरकडे गेल्या. म्हाताऱ्याने चाळीस वर्षं याच चौकात पाने फिरवले होते.

"नव्हतं, बाई," तो ठामपणे म्हणाला. "मी तिथला दगडन्‌दगड उलथलाय." मग आतल्या खोलीकडे बघत त्याने आवाज खाली आणला. "पण आमच्या हिच्यापुढे बोलू नका. ती म्हणते होतं. यावरून आमच्यात आठ दिवस अबोला झालाय."

घरी आल्या तेव्हा दादा दारातच उभा. हातात फोटो.

"बॅगेच्या कप्प्यात सापडला. आता बोल!"

जुना, कडा पिवळ्या पडलेला फोटो. त्यात सात-आठ वर्षांचा दादा, त्याचा हात धरलेली छोटी मुलगी, आणि दोघांच्या मागे तीन घोडे. मधल्याचा कान तुटलेला. पाणी उसळलेलं.

नकाशेबाईंनी फोटो दिव्याखाली धरला. ती मुलगी त्याच होत्या, यात शंका नव्हती. एवढ्या मोठ्या कारंज्यासमोर आपण उभ्या होतो आणि डोक्यात त्याचा मागमूस नाही? आणि ज्या नकाशांवर सव्वीस वर्षं डोळे झाकून भरवसा ठेवला, ते खोटे?

सकाळी उजेडात त्यांनी फोटो पुन्हा हातात घेतला, या वेळी कामावरचं भिंग लावून. मुलांच्या सावल्या उजवीकडे पडल्या होत्या. घोड्यांच्या डावीकडे. आणि पायांपाशी, जिथे कठडा संपायला हवा, तिथे कापडाला पडते तशी चुणी. फोटो उलटला तर मागे सलूनच्या पलीकडच्या स्टुडिओचा शिक्का.

तिघंही तिकडे गेली. स्टुडिओ आता जुन्या मालकाचा मुलगा चालवत होता. तोही साठीचा. फोटो पाहून तो थेट माळ्यावर चढला आणि धुळीचं एक लांबलचक भेंडोळं खाली घेऊन आला. दादाने एक टोक धरलं, नकाशेबाईंनी दुसरं. पडदा उलगडला.

तीन घोडे. रंग उडालेले, पण तेच. मधल्याचा कान कसरीने खाल्ला होता.

दादा स्टुलावर बसला. त्याने एका घोड्याच्या तोंडावरून बोट फिरवलं.

"पण पाणी उडायचं ना गं तोंडावर," तो शेवटी म्हणाला, एकदम बारीक आवाजात. "गार पाणी. ते कुठून यायचं?"

वाद नकाशेबाई जिंकल्या होत्या, पण जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या वडिलांनी हा पडदा मनानेच रंगवला का हो?" वहिनींनी विचारलं.

"बाबा पाहिल्याशिवाय काही काढायचे नाहीत," फोटोवाला डोकं खाजवत म्हणाला. "कुठे पाहिलं, ते मात्र विचारायचं राहून गेलं."

म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

वहिनींनीच मग तोडगा काढला. "दोघं उभे राहा बघू त्याच्यापुढे. माझ्यासाठी." भाऊ-बहीण पडद्यासमोर उभे राहिले, केस पांढरे झालेले, एकमेकांचा हात धरून. वहिनींनी फोटो काढला. "छान आहे हो तुमचं कारंजं," त्या म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या.

चार दिवसांनी पाहुणे गेले. प्रकरण मात्र गेलं नाही. सलूनवाल्याच्या तोंडाला कुलूप नव्हतंच. गावभर झालं, की आपलं ऐतिहासिक कारंजं कुणीतरी गायब केलं. शेजारच्या शहरातल्या लोकांनी रातोरात उचलून नेलं, इथपर्यंत मजल गेली. नगरसेवकाने चौकात उभं राहून जाहीर केलं, "आपला मान आपण परत मिळवणार!" टाळ्या पडल्या. एका महिन्यात साहेबांनी नकाशेबाईंच्या टेबलावर फाइल ठेवली.

"चौकात कारंज्यासाठी लाइन हवी. नकाशा काढा आणि अर्ज भरा."

"साहेब, तिथे कारंजं कधीच नव्हतं. तो स्टुडिओतला पडदा होता. मी स्वतः पाहिलाय."

"बाई, अडीचशे लोकांनी सह्या केल्यात," साहेब वैतागून म्हणाले. "त्यातल्या अकरा जणांनी आपण त्यात पोहल्याचं लिहून दिलंय. मी कुणाकुणाला खोटं पाडू?"

अर्जात एक रकाना होता: काम नवीन की दुरुस्तीचं? नकाशेबाईंनी दोन दिवस तो कोराच ठेवला. मग दादाला फोन केला.

"आता तू असं विचारू नकोस," दादा कळवळून म्हणाला. "मी इथे सगळ्या मित्रांना सांगून बसलोय, की नव्हतं म्हणून. केवढी लाज वाटली!"

"मग काय लिहू?"

"मला काय माहीत? तूच म्हणालीस ना, कागदावर असतं ते खरं."

शेवटी साहेबांनीच "दुरुस्ती" वर खूण केली. नव्या कामाला मंजुरी मिळायला वर्ष लागतं, दुरुस्तीला महिना. नकाशेबाईंनी मोठ्या लाइनीला फाटा काढला, व्हॉल्व्ह दाखवला, उतार मोजला. काम चोख केलं. त्यात त्यांनी कधीच कसूर केली नव्हती. मूर्तिकाराने स्टुडिओतला पडदा समोर टांगून घोडे घडवले, आणि मधल्याचा कान आठवणीने अर्धाच ठेवला.

पाणी सोडायच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. व्हॉल्व्ह फिरला. नळात हवा गुरगुरली, तिन्ही घोडे एकदम शिंकले, आणि पाण्याची धार उसळली. वाऱ्याने तुषार गर्दीवर आले. नकाशेबाईंच्या तोंडावर गार पाणी उडालं आणि त्यांनी डोळे मिटले.

शेजारी एक अनोळखी आजीबाई काठी टेकून उभ्या होत्या. त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या, "चांगलं केलंय. पण आधीचं मोठं होतं, नाही?"

"हो," नकाशेबाई म्हणाल्या. "थोडं मोठं होतं."

म्हणून गेल्या आणि चपापल्या. आजीबाई समाधानाने मान हलवत पुढे निघून गेल्या होत्या. नकाशेबाई तिथेच उभ्या राहिल्या, ओला चेहरा पदराने न पुसता, आपण हे का म्हणालो ते आठवायचा प्रयत्न करत.