भिंतीमागचं पाणी

"आई, काकांच्या बंगल्याचं दार लागत नाय म्हणं आता. चौकटच तिरकी झाली," झेंडू निवडता निवडता सून हर्षाली म्हणाली.

"नको लागू दे," नवसाबाई म्हणाल्या. "माझ्या दारातनं नवऱ्याची तिरडी गेली तवा बरं लागलं व्हतं त्याचं दार!"

दीर धोंडीराम सख्ख्या भावाच्या दहाव्यालाही आला नव्हता. त्याचा बंगला वर टेकडीच्या उतारावर, नवसाबाईंचं घर खाली, मधे दगडी भिंत. वर मुरलेलं पाणी भिंतीच्या भोकांतून नवसाबाईंच्या अंगणात झिरपायचं. दहावा झाला आणि त्यांनी सगळी भोकं सिमेंटनं लिंपली. त्याचं पाणी त्याच्यापाशी राहू दे!

राहिलंच. दर पावसाळ्यात ते भिंतीमागं तुंबायचं, माती आणि कातळ यांच्या मधे शिरून मातीला खालून उचलायचं, आणि अख्खा उतार डोळ्यांना दिसू न देता बोटबोट सरकायचा. आधी धोंडीरामाचं तुळशीवृंदावन कललं, मग ओटा फाटला. एकेक बातमी नवसाबाई गुळाच्या खड्यासारखी चघळायच्या. एकदा त्यानं दारात येऊन हात जोडावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

यंदा श्रावणात झड लागली आणि तो आला. ओलाचिंब, अनवाणी.

"वैनी..."

"या भावजी. हात जोडा, मग बोला."

"हात कसले जोडायला लावताय! भिंतीला पोट आलंय. माझं घर गेलं तर जाऊ द्या, पण ती पडंल ती तुमच्या अंगावर. सुनेला घ्या आन् मारुतीच्या देवळात चला."

नवसाबाईंच्या कानफटात बसल्यासारखं झालं. पाया पडायला यायचा तो मेला उपकार करायला आला होता.

"तुमच्या उपकारावर जगू व्हय? त्यापरीस मेलेली बरी!"

"मग मरा! पोरीला तरी धाडा."

"हर्षाली, जा देवळात," म्हणत नवसाबाईंनी गोठ्यातली पहार उचलली.

"वैनी, येड लागलंय का? भिंतीजवळ जाऊ नका!"

"मी बुजवलीत, मीच फोडणार. तुमचं काय बी अंगावर ठेवायचं नाय मला."

चार घावांत सिमेंट निघालं. मनगटाएवढी लाल धार थेट झेंडूच्या वाफ्यात घुसली. दसऱ्याचा सगळा माल त्यातच होता. नवसाबाई पुढच्या भोकाकडे सरकल्या. धोंडीराम त्यांच्या शेजारी बसला आणि हातांनी गाळ ओढू लागला. त्यांनी त्याला ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही.

"पाय तरी बाजूला घ्या, वैनी."

त्यांनी घेतले नाहीत. लाल पाणी घोट्यांवरून जात राहिलं, आणि त्या पहार मारत राहिल्या.