केसांवर भांडी

"केसावर भांडीऽऽ" अशी हाळी सास्तूरच्या गल्लीत घुमली, तशी गिरिजाबाई भाकरी तव्यावर टाकून उठली. विंचरताना गळलेले केस टाकायचे नाहीत, बोटाभोवती गुंडाळून पिशवीत कोंबायचे आणि केसवाली आली की त्यावर चमचा-वाटी घ्यायची, ही घरोघरची रीत. न्हाणीतल्या खुंटीवरची पिशवी तिनं काढली, तर ती उशीसारखी फुगलेली.

केसवालीनं गुंतवळ उन्हात धरलं आणि तिचा चेहराच उजळला. "मावशी, लई लांब माल हाय. हे घ्या पातेलं. झाकणासकट."

गिरिजाबाईला आजवर चमच्यापलीकडं काही मिळालं नव्हतं. तिचे स्वतःचे केस पिकलेले, बोटभर. हे काळेभोर होते, कमरेपर्यंत येतील एवढे.

तिनं पिशवी हिसकून घेतली. "न्हाय द्यायचे. जा तू."

सून श्रीदेवी पाळण्याजवळ बसली होती. बाळंत होऊन चार महिने झाले, तरी डोक्याचा रुमाल सुटत नव्हता. गार वाऱ्याला भिते, असं गिरिजाबाईला वाटायचं. आज तिनं सरळ रुमाल ओढला. भांग रुंद झालेला, कानशिलावर कातडी दिसत होती, आणि कसल्यातरी गॅरंटीच्या तेलाचा भपकारा.

"कवापासून गं?"

"महिना झाला." श्रीदेवी रडायलाच लागली. "आत्या, तुमी मला केसं बघूनच पसंत केलं होतं. आता काय ऱ्हायलं माझ्यात?"

खोटं नव्हतं ते. बघायला गेल्यावर गिरिजाबाईनं चार माणसांदेखत पोरीची वेणी सोडायला लावली होती, वर ओढून पाहिली होती, खोटी तर नाही म्हणून. बाजारात बैलाचे दात बघतात, तसं. आणि आपण लोक त्याला कार्यक्रम म्हणतो, पोहे खातो.

दुसऱ्या दिवशी दोघी लेकरू घेऊन जीपनं लोहाऱ्याला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी श्रीदेवीच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत पांढरंफटक.

"रक्तवाढीच्या लाल गोळ्या घेतेस का?"

श्रीदेवीच्या आधी गिरिजाबाईच पुढं झाली. "म्याच बंद केल्या. उष्ण पडत्यात, दूध आटतंय."

"आणि जेवायला काय देता?"

"भाकरी, तूप, लसणाची चटणी. वर कडक च्या. डाळ न्हाय, पालेभाजी न्हाय, लेकराचं पोट फुगतंय. हिला आई न्हाय हो डॉक्टरीणबाई, म्हणून बाळंतपण म्या केलं. अजून पथ्य मोडू दिलं न्हाय." हे सांगताना तिची मान ताठ होती.

डॉक्टरीणबाई हळूच बोलल्या, "आजी, पोटात बाळ असताना गळायचे केसही गळत नाहीत, अडून राहतात. बाळंत झाल्यावर तीन-चार महिन्यांनी ते सगळे एकदम जातात. बहुतेकींचे वर्षभरात परत येतात. पण हिच्या अंगात रक्तच कमी दिसतंय, त्यानं गळती वाढते. रक्त तपासू, थायरॉइडही बघू. गोळ्या सुरू करायच्या, लिंबूपाण्याबरोबर. गोळीच्या मागंपुढं तासभर चहा नाही. डाळ, मेथी, मटकी, सगळं खाऊ द्या. वेणी घट्ट ओढायची नाही, मुळं दुखावतात. तेल हौसेला लावा, पण त्यानं केस उगवत नाहीत. आणि अंगावर पाजतेस, तर न विचारता कुठलंही औषध डोक्याला चोळू नकोस."

परतताना जीपमध्ये गिरिजाबाईनं लेकरू आपल्याच मांडीवर घेतलं. तिनं मायेनं आपल्या हातानं वाढलेलं ताटच पोरीला पुरलं नव्हतं.

घरी आल्या आल्या तिनं मेथीचं गरगटं टाकलं, डाळ घोटून. ताट श्रीदेवीपुढं आदळलं. "खा. पोट फुगलं लेकराचं तर म्या हाय रात्रभर मांडीवर घ्यायला."

श्रीदेवीनं घास मोडला, पण डोळे भरलेलेच. "न्हाय आले परत तर, आत्या?"

गिरिजाबाईनं पदर मागं सारला. अंबाडा सोडला, आणि त्यातलं खोट्या केसांचं गंगावन उपटून सुनेच्या मांडीवर टाकलं. मागं उरली उंदराच्या शेपटीएवढी बट. आजवर हे नवऱ्यालाही तिनं दाखवलं नव्हतं.

श्रीदेवी बघतच राहिली. "म्हंजी, माझी वेणी ओढून बघणारी तुमी..."

"व्हय, म्याच. हास आता. चुकलंच माझं." गिरिजाबाईनं तिच्या ताटात आणखी गरगटं घातलं. "केसापायी आणली तुला, खरंय. पण आता तुझ्या हातचा च्या न्हाय मिळाला तर माझं तोंड उघडत न्हाय सकाळी. त्याला काय केसं लागत्यात व्हय?"

श्रीदेवी हसली. नाकातनं पाणी, तोंडात मेथी, आणि हसली.

गोळ्या सुरू झाल्या, चहा लांबला. काही महिने असेच गेले. कानशिलावर उभी, आडमुठी लव दिसायला लागली. लेकरू ती धरायला बघायचं आणि गिरिजाबाई त्याच्या हातावर हलकेच चापट मारायची.

पुन्हा केसवाली आली. गिरिजाबाईनं पिशवी पुढं केली. केसवालीनं आत बोटं घातली, तोंड वाकडं केलं.

"मावशी, ह्याच्यात चमचा बी बसत न्हाय."

"बसत न्हाय?" गिरिजाबाई दारातनंच आत ओरडली, "श्रीदेवी, आगं चमचा बी बसत न्हाय म्हणती!" आणि केसवालीला ओसरीवर बसवून तिनं तिला चहा पाजला.