दोन कामांचा एक दिवा

मित्रांनो, मी मागचा दिवा. मोटारसायकलच्या मागच्या चाकावर, उजव्या अंगाला बसलेला, वाटोळा, लाल काचेचा आणि आता चांगलाच म्हातारा. माझ्या काचेच्या कडेला नखाएवढी चीर आहे आणि भोवतीच्या पत्र्याची चकाकी केव्हाच उडाली आहे. गाडी पाहायला लोक आले की पुढच्या मोठ्या दिव्यावर हात फिरवतात. माझी आठवण होते ती मी बंद पडल्यावर. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. म्हणजे थोडी आहे, पण आता या वयात कुठे कुरकुर करत बसू?

आमचा जन्म जोडीने झाला. मी उजवा, माझा भाऊ डावा. कारखान्यात आम्हाला एकाच खोक्यात, एकाच कागदात गुंडाळलं होतं. आमच्या पोटात एकेकच बल्ब आणि एकेकच वायर, त्यामुळे कामही एकच: चालकाने ब्रेक दाबला की पेटायचं आणि मागच्यांना सांगायचं, "जपून, आम्ही थांबतोय." आमची पहिली नोकरी एका फिरत्या वाचनालयाच्या गाडीवर होती. गाडी थांबली की पुस्तकं घ्यायला मुलं मागून धावत यायची, आणि त्या धावणाऱ्या मुलांना सगळ्यांत आधी दिसायचो ते आम्ही. वळायची खूण करायचं काम शेजारच्या पिवळ्या दिव्यांकडे होतं. ते सारखे उघडझाप करायचे. आम्हा दोघांना ते जरा चंचलच वाटायचे.

पुढे ती गाडी मोडीत निघाली. आम्ही भंगाराच्या छपराखाली एका डब्यात पडून राहिलो. किती वर्षं, ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. माझ्या काचेवर इतकी धूळ बसली की मी लाल आहे हे मीच विसरलो. अशा वेळी कोणीतरी हात लावावा असं फार वाटतं हो. आणि एके दिवशी खरंच एक हात डब्यात आला. ग्रिसने काळा झालेला, पण बारीक बोटांचा. त्या हाताच्या मालकिणीने मला बाहीने पुसलं आणि ओरडली, "बाबा, सापडले! जोडीच आहे!"

ती ठिणगी. हे तिचं खरं नाव नव्हे, पण पाच वर्षांची असल्यापासून ती बाबांच्या वर्कशॉपमध्ये लुडबुडायची, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ठेवलेलं नाव तिला कायमचं चिकटलं. बाबा गाड्यांच्या वायरिंगचे मिस्त्री. बापलेकींनी दोन वर्षं खपून, इथलं इंजिन, तिथली चाकं असं जमवून तिच्यासाठी एक मोटारसायकल उभी केली होती. इंजिन आणि सांगाडा तिचा, वायरिंग त्यांचं, अशी वाटणी होती. फक्त मागचे दिवे राहिले होते. चार दिवे लावले तर गाडी मागून बेढब दिसेल, असं तिचं म्हणणं. तिला दोनच हवे होते, आणि तेही आमच्यासारखे वाटोळे. म्हणजे थांबायचं आणि वळायचं, दोन्ही आम्हीच सांगायचं. एका दिव्याने दोन कामं करायची! माझा भाऊ घाबरला. मी त्याला म्हटलं, अरे, डब्यातून बाहेर तर आलो, बाकीचं बघून घेऊ.

पण आम्ही गाडीवर बसलो आणि घरातलं बोलणंच बंद झालं. झालं होतं असं की ठिणगीला दूरच्या एका शहरात, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मोठ्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं होतं. तिने ते आधी घरातच राहणाऱ्या आत्याला सांगितलं. बाबांना बातमी कळली ती आत्याकडून, जेवताना. लेक पुढे आपलंच वर्कशॉप चालवेल, हे त्यांनी मनात इतकं पक्कं धरलं होतं की तिला कधी विचारलंही नव्हतं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि उठले. त्या दिवसापासून अबोला. बाप घुम्या आणि लेकीच्या नाकावर राग. मधल्या मध्ये आत्याचे हाल. "त्यांना सांग, बॅटरी चार्ज झालीय." "तिला सांग, ऐकू आलं." शेवटी आत्या वैतागून म्हणाली, "मी काय पोस्टमन आहे? आता तिकिटं लावून द्या माझ्या हातात!" दोघांनाही हसू आलं, पण दोघांनीही ते गिळलं.

आमचं वायरिंग बाबांनी त्या अबोल्यात एकट्याने केलं. हात अगदी नेटका. ब्रेकची वायर आम्हा दोघांकडे आणली आणि इंडिकेटरची ज्याची त्याच्याकडे. मध्ये डायोड घातले. डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा छोटासा तुकडा, ब्रेकची वीज चुकून पुढच्या इंडिकेटरमध्ये शिरू नये म्हणून. सगळं व्यवस्थित. मग आली तपासायची वेळ. मागचा दिवा तपासायला माणसं दोन लागतात, एक दाबणारा आणि एक मागे उभं राहून पाहणारा. इतकी वर्षं मागे ठिणगी उभी राहायची आणि "लागला!" म्हणून ओरडायची. आता तिला हाक कोण मारणार? बाबांनी गाडी भिंतीला पाठ करून लावली आणि भिंतीवरचा उजेड पाहायचा ठरवला. ब्रेक दाबला, भिंत लाल झाली. ब्रेक सोडला, इंडिकेटर लावला, उजेड लुकलुकला. झालं, म्हणाले, आणि हात धुवायला गेले. ठिणगी असती तर तिने नुसती खोडी म्हणून दोन्ही एकदम दाबायला लावलं असतं.

कारण दोन्ही एकदम दाबलं की माझी पंचाईत होत होती. इंडिकेटरची वीज थांबून थांबून येते, ब्रेकची सलग वाहते. दोन्ही एकाच वेळी आल्या की मला विझायला सवडच मिळेना, आणि विझला नाही तर दिवा लुकलुकणार कसा? मी नुसता लालभडक पेटून राहायचो. वळतोय हे माझ्या पोटातच राहायचं. आणि वळताना माणूस ब्रेक दाबतोच की! मला ते कळत होतं. पण दिव्याला तोंड नाही, मित्रांनो.

जायच्या दिवशी सकाळी ठिणगीने बॅग दोरीने मागे बांधली. आत्या फाटकापर्यंत आली, डोळे पुसत. बाबा आले नाहीत. ठिणगीने दोनदा दाराकडे पाहिलं आणि किक मारली. आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो तोच मला फाटकातून बाबांची स्कूटर बाहेर पडताना दिसली. निरोप द्यायचा नाही म्हणून बसलेला माणूस, पण पाय घरात ठरेनात. ते बरंच अंतर ठेवून, चोरासारखे मागून येऊ लागले.

पहिल्याच वळणावर त्यांना ते दिसलं. ठिणगी इंडिकेटर लावून, ब्रेक दाबत वळली आणि मी नुसता स्थिर पेटलो. बाबांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. आरशात स्कूटर पाहून ठिणगीने काय करावं? तिने वेग वाढवला. हॉर्न वाजत राहिला, ती पळत राहिली. मी मधोमध, सगळं माहीत असलेला आणि कशाच्याच उपयोगाचा नसलेला.

पुलाच्या अलीकडे उजवीकडे वळायचं होतं. आमच्या मागे दुधाची व्हॅन होती. ठिणगीने इंडिकेटर लावला. पुढचे दिवे लुकलुकताना तिला दिसत होते, त्यामुळे मागचेही लुकलुकत असणार असं ती धरून चालली. मग तिने ब्रेक दाबला. मी जीव तोडून विझायचा प्रयत्न केला. नाही जमलं. ती थांबतेय असं समजून व्हॅनवाला उजव्या बाजूने पुढे निघाला, आणि त्याच क्षणी ती वळली. केवढा कर्कश ब्रेक लागला म्हणून सांगू! व्हॅन माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. तिच्या बंपरवरचे वाळलेले दुधाचे डागसुद्धा मला मोजता आले असते.

"अहो ताई, वळायचं होतं तर खूण करायची ना!" व्हॅनवाला खाली उतरून ओरडला.

"इंडिकेटर होता की चालू!"

"कुठला इंडिकेटर? नुसता ब्रेकचा दिवा होता. मला वाटलं थांबताय."

इतक्यात स्कूटर येऊन पोचली. बाबांनी ती स्टँडवर लावलीसुद्धा नाही, तशीच कठड्याला टेकवली. आधी त्यांनी लेकीचे दोन्ही दंड चाचपून पाहिले. मग अकरा दिवसांनी पहिल्यांदा तिच्याशी बोलले. "हॉर्न ऐकू येत नव्हता?"

"येत होता. म्हणून तर थांबले नाही. मला वाटलं, तुम्ही मला परत न्यायला आलात."

"न्यायलाच आलोय," बाबा म्हणाले. "पण दोन तासांपुरतं. दिवा चुकीचं सांगतोय, ठिणगे. आणि तो माझ्यामुळे सांगतोय." त्यांनी व्हॅनवाल्यापुढे हात जोडले. "दादा, चूक हिची नाही. वायरिंग माझं आहे."

वर्कशॉपमध्ये बाबांनी तिला उपाय समजावून सांगितला. जुन्या मोटारींना प्रत्येक बाजूला एकच लाल दिवा असायचा. त्या गाड्यांच्या इंडिकेटरचा खटकाच वेगळा. ब्रेकची वायर आधी त्या खटक्यातून जाते. उजवीकडे वळायचं म्हणून खटका ओढला की तो उजव्या दिव्याला ब्रेकपासून सोडवतो आणि लुकलुकायला मोकळा करतो. डावा मात्र ब्रेकवरच राहतो. म्हणजे एक भाऊ सांगणार थांबतोय, दुसरा सांगणार वळतोय. "असा एक खटका होता माझ्याकडे," म्हणत बाबा टेबलाच्या खणाशी गेले. ठिणगी आमच्याकडे पाठ करून सीटचे नट सोडत होती.

आता जे सांगतो ते फक्त आम्हा दोघा भावांना दिसलं, कारण आमची तोंडं टेबलाकडेच होती. खण उघडला आणि खटका लगेच सापडला, अगदी वरच. बाबांनी तो हातात घेतला. अंगठ्याने त्याच्यावरची धूळ पुसली. एकदा लेकीच्या पाठीकडे पाहिलं, एकदा तिच्या बॅगेकडे. मग खटका परत खणात ठेवला आणि खण लावला.

"सापडत नाहीये," ते म्हणाले. "मागवावा लागेल. आठ-दहा दिवस तरी जातील."

"बरं," ठिणगी म्हणाली. पान्हा खाली ठेवला, गाडीमागे आली आणि बॅगेची दोरी सोडू लागली. तिने ती गाठ सकाळी चांगली आवळून मारली होती. सुटता सुटेना. ती नखांनी ओढत राहिली, आणि वाद नाही की आदळआपट नाही. बाबा तिच्या बोटांकडे पाहत होते. मला वाटतं, तिने भांडण काढलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

"राहू दे," ते एकदम म्हणाले. खण पुन्हा उघडला. "हा काय, इथेच आहे."

दोघांनी मिळून खटका बसवला. ती वायर सोलून देत होती, ते जोडत होते. आत्या चहा घेऊन आली, दोघांना बोलताना पाहून कप ठेवून लगेच निघून गेली. शेवटी बाबा सीटवर बसले आणि ठिणगी आमच्यामागे उभी राहिली.

"ब्रेक."

"दोन्ही लागले!"

"उजवा."

"लुकलुकतोय!"

"आता दोन्ही एकदम दाबा," ती म्हणाली. बाबांनी ब्रेक दाबून खटका ओढला. माझा भाऊ शेजारी शांतपणे पेटून राहिला, आणि मी विझलो, पेटलो, विझलो, पेटलो. त्या विझण्याचा मला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्याही पेटण्याचा कधी झाला नव्हता. ठिणगी टाळ्या पिटायला लागली. "शाब्बास रे!" हे ती मला म्हणाली की बाबांना, ते मी आजवर विचारलेलं नाही.

बाबा सीटवरून उतरले, पण बाजूला होईनात. हँडल धरून उभेच राहिले. "ठिणगे, तो खटका पहिल्यांदाच सापडला होता मला," ते खाली मान घालून म्हणाले. "मी परत ठेवला."

"माहितीये."

"कसं?"

"खणाचा आवाज मला पाळण्यापासून ओळखीचा आहे, बाबा. तो उघडून लगेच लावलात, आत काही चाळल्याचा आवाजच आला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पुन्हा उघडाल असं वाटलं." ती बॅगेची सैल दोरी चाचपू लागली. "आणि माझंही चुकलंच. आत्याला आधी सांगितलं, कारण तुमच्यासमोर सांगताना मला रडू आलं असतं आणि मग मी गेलेच नसते."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला ग्रिस होतं, ते तिच्या केसांना लागलं, आणि दोघांपैकी कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. मग त्यांनी सैल झालेली बॅगेची दोरी स्वतः आवळून बांधली.

या वेळी ते गल्लीच्या टोकापर्यंत चालत आले. ठिणगीने मागे वळून पाहिलं नाही, गाडी चालवताना पाहूही नये. पण मागचे दिवे मागेच पाहतात, मित्रांनो. वळणावर आम्ही दोघा भावांनी आपापलं काम चोख केलं, आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या माणसाला मी दिसेनासा होईपर्यंत सांगत राहिलो, की तुमची लेक नीट वळतेय.

त्याला खूप वर्षं झाली. एवढं मात्र शिकलो, की गाडी चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा कधीच दिसत नाही. तो दुसऱ्याने पाहून सांगावा लागतो. तेव्हा तुमच्या घरातलं कोणी गाडी बाहेर काढत असेल, तर आमच्या काचेवरून एक फडकं फिरवा आणि दोन मिनिटं मागे उभे राहा. ब्रेक दाबायला सांगा, इंडिकेटर लावायला सांगा, दोन्ही एकदमही दाबायला सांगा. आणि त्या माणसाशी तुमचं भांडण चालू असेल, तर आधी हे काम उरका. भांडण तो परत आल्यावर पुढे चालू ठेवता येतं.