दीपाची चढाई

दीपाला कोणी धरलं की तिच्या अंगात बळ यायचं. कबड्डीत चढाईला गेली की ती सरळ मधोमध घुसायची, दोघी-तिघींना अंगावर घ्यायची आणि सगळ्यांना ओढत मधल्या रेषेपर्यंत आणायची. रेषेला बोट लागलं की धरणाऱ्या साऱ्याच बाद. गावातल्या किसनरावांनी लहानपणी तिला हे शिकवलं होतं. "धरू दे न त्यायले," ते म्हणत. "धरल्यावरच तं खरी चढाई सुरू होते."

ती राळेगावच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला गेली, त्या साली कापसाचा भाव पार बसला. दिवाळीनंतर कॉलेजचा संघ गळू लागला. एकीचं लग्न उरकलं, दोघी वेचणीला गेल्या त्या परतल्याच नाहीत. दीपाची आईही लोकांच्या वावरात वेचायला जायची, पण पोरीची सायकल तिनं कॉलेजच्या वाटेवरून वळू दिली नाही.

उरल्या आठ जणी, आणि त्यांना शिकवायला नागपूरहून सुरभी मॅडम आल्या. त्या स्वतः खेळलेल्या होत्या. सामने आता मातीवर नाही, मॅटवर होणार, म्हणून त्यांनी कुठून तरी जुनी मॅट मिळवली. सोबत खेळाची नवी रीतही आणली. चढाईवालीनं आत घुसायचं नाही. कडेकडेनं पाय नाचवायचे, जमलं तर बोनस रेषेपलीकडे पाय टाकायचा, एक गुण घ्यायचा आणि कोणी हात लावायच्या आत परत यायचं. आठातली एक जरी जायबंदी झाली तरी संघ संपला, हे त्यांचं गणित होतं.

दीपाला ते जमेना. मॅटवर बूट चिकटायचे, गुडघे सोलून निघायचे. पाय कडेला न्यायचा म्हटलं तरी तिचं अंग आपोआप मध्ये वळायचं आणि पाच जणी मिळून तिला दाबून टाकायच्या. महिनाभर पाहून मॅडमनी चढाई प्रियंकाला दिली. ती हडकुळी आणि हरणासारखी चपळ होती. दीपाला त्यांनी डाव्या कोपऱ्यात, पकडीला उभं केलं.

त्या दिवशी सगळ्या गेल्यावर दीपा मागे थांबली.

"मॅडम, माह्यं काय चुकून राह्यलं?"

मॅडम मॅट गुंडाळत होत्या. त्या थांबल्या. "तुझं काही चुकत नाही, दीपा. सामने मातीवर असते तर पहिली चढाई तुझीच होती. पण या खेळात तू चढाईला बसत नाहीस. खोटं कशाला सांगू?"

ती तडक किसनरावांकडे गेली. ते मॅडमना नावं ठेवतील, असं तिला वाटत होतं. त्यांनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की कोपऱ्यात तुझ्या हातून कोणी सुटते काय? दीपानं विचार केला. एकही सुटली नव्हती. धरलेली पोरगी कुठं जोर लावणार, कोणता पाय आधी ओढणार, हे तिला धरायच्या आतच कळत होतं. तिनं ते सारं स्वतः हजारदा केलं होतं.

"मंग रडतं कायले?" किसनराव म्हणाले, पण त्यांचाही आवाज पडला होता.

ती कोपऱ्यात खेळू लागली आणि फार चांगली खेळू लागली. तरी प्रियंका चढाईला निघाली की दीपाचे तळपाय सळसळायचे. सायकलवरून घरी येताना कापूस वेचून उघडी पडलेली वावरं दिसायची. एकदा ती उतरली आणि चप्पल काढून मातीत नुसती उभी राहिली.

यवतमाळला कॉलेजांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिनं सात जणी पकडल्या. शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत आले. प्रियंका बाद होऊन बाहेर बसली होती आणि शेवटची चढाई दीपाच्या संघाची होती. मॅडमनी दीपाकडे बोट केलं. "फक्त बोनस. पाय टाक आणि ये."

समोर सहा जणी होत्या. दीपा दम धरून कडेनं सरकली. तेवढ्यात मधल्या दोघींमध्ये फट पडली, अगदी तिच्या खांद्याएवढी. लहानपणापासून ती अशाच फटीत घुसत आली होती. तिचा खांदा वळलासुद्धा. मग बाहेर बसलेली प्रियंका तिला दिसली, दोन्ही हात तोंडावर धरून बसलेली. दीपानं खांदा सावरला, उजवा पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला, मागचा उचलला आणि ती परत फिरली. कोणाचं बोटही तिला लागलं नाही.

संघ जिंकला. पोरींनी तिला उचलून घेतलं, मॅडमनी पाठीवर हात ठेवला. एसटीत सगळ्या गात होत्या तेव्हा प्रियंकानं तिला विचारलं, तू काहून चूप?

"जिंकलो न आपण," दीपा म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण मले कोणी धरलंच नाही."

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या संघात तिची निवड झाली. फॉर्मवर खेळण्याची जागा लिहायची होती. तिनं चढाईचा 'च' काढला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली आणि खोडून लिहिलं, डावा कोपरा.