पाद्रीणबाईंनी मला चोरलं

चोरीचा माल बोलतोय. दचकू नका. मी ओढ्याकाठची कार्डिनल, लालभडक फुलांची, दरवर्षी त्याच जागी नव्याने फुटणारी. गुलाबासारखे नखरे मला येत नाहीत. माझी मागणी एकच, पाय ओले पाहिजेत. तेवढं सांभाळलं तर माझ्याइतकी समजूतदार बाई केंटकीच्या या डोंगरांत दुसरी सापडायची नाही.

माझा जन्म ऑर्फा टॅकेटच्या घरामागचा, झऱ्याच्या चिखलातला. ऑर्फा ऐंशीची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, गावाचं पांढरं चर्च. त्या वर्षी तिथे वेंडेल हॅस्केट नावाचा नवा पाद्री आला, ओहायोचा. तीन महिने परीक्षेवर. पसंत पडला तर मतं देऊन ठेवून घ्यायचा, नाहीतर सामान बांधायचं. याआधी दोन गावांनी त्याला सामान बांधायला लावलं होतं. "तिसऱ्यांदा माझ्याच्याने होणार नाही हो," असं त्याची बायको लोर्ना ऑर्फाला म्हणाली, ते मी या कानांनी ऐकलंय. मला कान नाहीत, पण ऐकलंय.

ही लोर्ना भलतीच सभ्य. दाराला धडकली तर दाराची माफी मागेल अशी. तिच्या घरामागे पाणी साचायचं आणि तिथे ती हौसेने लव्हेंडर लावायची. तीनदा लावलं, तीनदा कुजलं.

"पोरी, पाणथळीत लव्हेंडर लावणं म्हणजे मांजराला पोहायला शिकवणं," ऑर्फा म्हणाली. "तिथे माझी ही लाल कार्डिनल ने. नाचेल नुसती."

तिने खुरप्याने मला अलगद काढलं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि लोर्नाच्या हातात दिलं.

"थँक यू, ऑर्फाबाई."

ऑर्फाचा चेहरा पडला. आमच्या डोंगरात दिलेल्या रोपाचे आभार मानत नाहीत. मानले की रोप मरतं. हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण ओहायोत शिकवत नसावेत. ऑर्फाने तिला ते सांगितलं.

"मला ठाऊक नव्हतं हो," लोर्ना गडबडली. "बरं झालं सांगितलंत. थँक यू."

"दोनदा," ऑर्फा म्हणाली. "एकाच रोपाला दोनदा मारलंस." आणि मला हिसकावून पुन्हा चिखलात रोवलं.

मग तिने उपाय सांगितला. चोरलेलं रोप कधी मरत नाही. "रविवारी मी समोर चर्चमध्ये असेन. तेव्हा येऊन चोर."

"मी जन्मात काही चोरलेलं नाही."

"मग सुरुवात चांगल्या वस्तूपासून कर."

माझं मत कुणी विचारलं नाही. माझा स्वतःचा या समजुतींवर विश्वास नाही, पण मरून खात्री करून घ्यायची हौसही नव्हती.

रविवार उजाडला तो नेमका मतदानाचा. मतं पडेपर्यंत पाद्री आणि त्याच्या बायकोने बाहेर थांबायचं अशी रीत आहे. वेंडेल गाडीत बसून स्टीअरिंगकडे बघत प्रार्थना करत होता. लोर्नाला बसवेना. गावाने आजच नारळ दिला तर रोपही जायचं, असा विचार करून ती रस्ता ओलांडून आली. रविवारचा निळा झगा आणि हातात स्वयंपाकघरातला डाव. आधी तिने सवयीने ऑर्फाचं दार वाजवलं. घरात कुणी नाही अशी खात्री पटल्यावर मागे आली आणि मला उपटताना तीन वेळा "सॉरी" म्हणाली. असा चोर मी पाहिला नाही.

तेवढ्यात चर्चचा थोरला पंच एस्टिल रॅटलिफ हवा खायला बाहेर आला. वेंडेलवर त्याचा आधीपासून राग. वीस मिनिटांत प्रवचन आटोपणाऱ्याचं लक्ष देवाकडे नसून जेवणाकडे असतं, हे त्याचं मत. त्याने लोर्नाला मुद्देमालासकट आत नेलं आणि मला पुढच्या मेजावर ठेवलं. पांढऱ्याशुभ्र कापडावर माझा चिखल ओघळायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मत टाकायच्या आधी हे बघा," एस्टिल म्हणाला. "आपल्या ऑर्फाबाईंच्या आवारात चोरी. पाद्र्याची बायको."

मागोमाग आलेला वेंडेल दारातच खिळला. लोर्नाने एवढंच म्हणायचं होतं, की हे मला ऑर्फाबाईंनीच दिलंय. सगळं मिटलं असतं. तिने ऑर्फाकडे पाहिलं, माझ्या उघड्या मुळांकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "चोरलंय मी."

त्या क्षणी मला ती फार आवडली. माझ्यासाठी याआधी कुणी स्वतःवर असा डाग लावून घेतला नव्हता.

ऑर्फा गुडघे कडकड वाजवत उठली. "चोरलंच तिने. मीच सांगितलं होतं चोर म्हणून."

मागच्या बाकावरून एस्टिलचीच बायको आयसी हिने विचारलं, "आधी थँक यू म्हणाली होती का गं?"

"दोनदा."

सगळं चर्च हळहळलं. एस्टिल मान खाजवत लोर्नाजवळ आला. "तिने दिलंय म्हणाला असतात तर सुटला असतात ना तुम्ही."

"मी सुटले असते. हे मेलं असतं."

पाद्र्यासाठी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलून एस्टिलने माझ्या मुळांवर ओतला. मतं पडली आणि हॅस्केट राहिले. विरोधात एकच मत होतं. "ते माझं," एस्टिलने आपण होऊन सांगितलं. "प्रवचन अजून आखूडच आहे."

तेव्हापासून मी पाद्र्याच्या घरामागे, त्याच पाणथळीत. ऑगस्टमध्ये कमरेएवढी वाढून फुलले, इवलेसे गुंजनपक्षी माझ्यावरून भांडले. थंडीच्या तोंडावर लोर्नाने मायेने माझ्यावर गवताचा ढीग घातला, तर ऑर्फा ओरडली, "काढ ती गोधडी. हिच्या पायाशी पिल्लं आहेत, त्यांना हिवाळाभर उजेड लागतो." तुम्हीही माझ्यासारखी कुणी लावलीत तर एवढी माया करू नका. पाणी द्या आणि जरा लांब राहा.

मतांनी ठेवून घेतलं, तरी लोर्ना वर्षभर गावात पाहुण्यासारखीच वागत होती. मग एका एप्रिलच्या सकाळी ती मागे आली आणि थबकली. माझी तीन पिल्लं गायब होती, आणि खड्ड्यांपाशी एस्टिलच्या मापाच्या बुटांचे ठसे उमटले होते.

"वेंडेल," तिने हाक मारली. "बाहेर ये. आपल्याकडे चोरी झालीय."

"शेरीफला बोलावू का?"

"वेडा आहेस का? परक्याच्या बागेत कोण चोरी करतं?"

आणि ती तिथेच चिखलात बसून रडली. ते खड्डे तिने महिनाभर बुजवले नाहीत, येईल त्याला दाखवत होती.