गोजराबाईचा कागद

वरच्या वाडीच्या जत्रेत देवाचा निवद शिजवायचा मान पाच बायकांचा. वाडी कासार आंबोलीच्या मागं डोंगराला चिकटून, उणीपुरी पंचेचाळीस उंबऱ्यांची. पण देवाच्या चुलीपाशी कुणी बसायचं याचा नियम कडक. जिचा विटाळ कायमचा सुटला, तीच तिथं बसणार. पाळी गेली की बाईचं काहीतरी संपतं, असं कमळनं पुस्तकांतून पुष्कळदा वाचलं होतं. वाडीत उलटं होतं. इथं पाळी गेलेली बाई देवाच्या चार पावलं जवळ सरकायची. कमळची आई गोजराबाई गेली बारा वर्षं त्या पाचजणींत पहिली होती.

२००५ सालच्या चैत्रातल्या त्या दुपारी मात्र ती चुलीपासून लांब, जांभळीच्या सावलीत पाय पसरून बसली होती आणि तिथूनच हुकूम सोडत होती.

"लीले, जाळ कमी कर. देवाला पोळी चारायचीय, कोळसा न्हाई."

"मग ये की हितं," लीलाबाई उलथनं हलवत म्हणाली. ती गोजराबाईची जुनी मैत्रीण, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलेल्या. "गुडघं धरल्यात म्हनं. तोंड न्हाई का धरत कधी?"

चुलीभोवतीच्या सगळ्याजणी हसल्या. कमळही हसली. ती सकाळच्या जीपनं बावधनहून आली होती. तिथं तिचा संसार होता, नवऱ्याची नोकरी होती, आणि दोन वर्षांपासून तिचं स्वतःचंही काम होतं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेनं मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सुरू केली होती. तपासणी साधीच. सिरक्यासारखं सौम्य द्रावण कापसाच्या बोळ्यानं लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. दोष असला तर तिथं पांढरा डाग उमटतो. तो वेळेत दिसला तर बाई वाचते. कमळनं घरोघर जाऊन तीस ते पासष्ट वयाच्या बायकांना प्रश्न विचारायचे, कागद भरायचा आणि त्यांना तपासणीच्या गाडीपर्यंत आणायचं.

"बावधनच्या सोसायटीतली बाई येते तेव्हा आजार मोहरीएवढा असतो," प्रकल्पाच्या डॉक्टर जान्हवी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "वरच्या वाडीतली येते तेव्हा पोटभर झालेला असतो. मध्ये फक्त वीस किलोमीटर. एवढा फरक कशानं पडतो, ते आपल्याला शोधायचंय कमळताई. आणि मोडायचंय."

कमळला ते पटलं होतं. लोक तिला दारात ताटकळत ठेवत नसत, पाट देत. प्रश्न विचारताना तिचा आवाज कधी अडखळत नसे.

"गोजरे, तुझी झाली का गं ती तपासनी?" चुलीपाशी कुणीतरी विचारलं. "आमाला सारखं जा जा म्हनतीया तुझी लेक."

"माझं कवाच झालंय," गोजराबाई म्हणाली. "घरचीच डाक्टरीन असल्यावर मी कशाला रांगंत हुबी ऱ्हाऊ?"

आणि तिनं कमळकडं बघितलं.

आईचं काहीच झालेलं नव्हतं. झालं होतं ते एवढंच, की माघ महिन्यात कमळनं आईचा कागद बावधनच्या स्वयंपाकघरात बसून भरून टाकला होता. लग्न कितव्या वर्षी, बाळंतपणं किती, हे तिला ठाऊकच होतं. पुढचे प्रश्न वेगळे होते. नवऱ्याजवळ जाताना दुखायचं का. पांढरं जातं का. पाळी गेल्यावर पुन्हा कधी अंगावर गेलं का. तीनशे घरांत तिनं हे विचारलं होतं. आईसमोर बसून विचारणं मात्र तिला जमेना. तिनं ओळीनं लिहिलं, नाही, नाही, नाही. यादीत गोजराबाईच्या नावापुढं बरोबरची खूण झाली. गाडीच्या दिवशी आईला 'चल' म्हणायचं राहूनच गेलं, आणि आईनंही विषय काढला नाही. दोघींनाही ते सोयीचं होतं.

आता सगळ्या बायका कमळकडं बघत होत्या. तिच्या मनात आलं, गोजराबाईचं झालं म्हटल्यावर ह्या बाकीच्याही येतील. आईची पत होती वाडीत.

"होय, झालंय आईचं," ती म्हणाली.

संध्याकाळी आईनं तिच्या पिशवीत कैऱ्या भरल्या, वर दोन पोळ्या ठेवल्या, आणि जीपमध्ये बसलेल्या कमळला म्हणाली, "पुढल्या खेपेला माझ्या चष्म्याचं बघ गं. काडी मोडलीया."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळच्या भावाचा, तानाजीचा फोन आला. आई गोठ्यात पडली होती. लुगडं रक्तानं भिजलं होतं.

तिसऱ्या दवाखान्यात रोगाचं नाव कळलं. कमळला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. कागदावरचा टप्प्याचा आकडा बघून तिनं फाइल मिटली आणि आईच्या उशाशी बसली. एक तरुण डॉक्टर आला. त्यानं तेच विचारलं, जवळजवळ त्याच शब्दांत.

"आजी, पाळी गेल्यावर पुन्हा कधी अंगावर जात होतं का?"

"व्हय," गोजराबाई लगेच म्हणाली. "मार्गशीर्षापास्नं."

"मग सांगितलं नाही कुणाला?"

"कुनी इचारलंच न्हाई."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. थोड्या वेळानं तिनं आपणहून पुढं जोडलं, "म्हनून तर यंदा निवद सोडला. मानसाला फसवावं एक येळ. देवाला कसं फसवायचं?"

मार्गशीर्ष आणि माघ यांत दोन महिने असतात. कमळनं तो हिशोब एकदाच केला, पुन्हा केला नाही. आई त्यानंतर अकरा आठवडे होती. त्या दिवसांत दोघी पुष्कळ बोलल्या. भाताच्या बियाण्याचं बोलल्या, तानाजीच्या रागाचं बोलल्या, चष्म्याची काडीही बसवून झाली. त्या कागदाबद्दल कमळ बोलली नाही. आषाढात आई गेली. वाडीत सगळे म्हणाले, पोटाच्या दुखण्यानं गेली. कमळनं ते दुरुस्त केलं नाही.

आता ती काम सोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी ती प्रकल्पाच्या पौडच्या खोलीत डॉक्टर जान्हवींसमोर बसली होती.

"मॅडम, आपला चौदावा प्रश्न चुकलाय."

"कोणता? पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाचा?"

"वाडीतली म्हातारी त्याला होय म्हणणारच नाही. होय म्हटलं की निवदाचा मान जातो. मग मागच्या जत्रेतला निवद बाटला होता का, हा प्रश्न निघतो तो आणखी वेगळाच. त्यापेक्षा निवदाला कोण कोण असतं ते विचारा. कुणी सोडला विचारा, आणि कधी. गुडघे, कंबर, डोळे, काहीही कारण सांगतील. कारण ऐकायचं नाही, साल लिहायचं."

डॉक्टरांनी प्रश्नांचा कागद पुढं ओढला. "हे पुस्तकात नाही कमळताई."

"नाही," कमळ म्हणाली. "मी शोधलं."

नवा प्रश्न छापून आला. हिवाळाभर कमळ एकेका वाडीत जाऊन चुलीपाशी बसली, निवदाच्या गप्पा मारल्या, आणि सहज विचारावं तसं विचारत राहिली. देवाची चूल सोडलेल्या अकराजणी सापडल्या. त्यांतल्या दोघींना खरोखरच आजार होता, आणि तो अजून मोहरीएवढाच होता. एकीनं बरी झाल्यावर पुन्हा चुलीपाशी बसून कमळला निरोप धाडला, 'कागदवाल्या बाईला म्हनावं, पोळी खायाला ये.' डॉक्टर जान्हवींनी पुण्याच्या बैठकीत हा प्रश्न मांडला तेव्हा दुसऱ्या तालुक्यांतली माणसं तो उतरवून घेत होती. आपल्या कामाचा उपयोग आहे, हे कमळला कुणी सांगायची गरज नव्हती.

फक्त वरची वाडी हलत नव्हती. यादीत एकसष्ट बायका होत्या. वर्षभरात नऊजणी आल्या. कमळ गेली की चहा मिळायचा, हालहवाल व्हायची, आणि तपासणीचं नाव काढलं की बायकांना कामं आठवायची. वैशाखात गाडीची शेवटची फेरी होती. त्यानंतर प्रकल्पाची मुदत संपत होती.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या चैत्रात, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, तानाजीच्या बायकोचा, पल्लवीचा फोन आला.

"वन्सं, एक सांगू का? लीलामावशीनं यंदा निवद सोडला."

कमळनं विचारलं, "काय म्हणाली?"

"डोळ्याला दिसंना म्हनती. पर परवाच माझ्या सुपातल्या तांदळातला खडा तिनं लांबनं दावला मला."

पल्लवी हुशार होती. तिनं पुढं काही सांगितलं नाही, आणि कमळनंही विचारलं नाही.

त्यानंतर कमळ तीनदा लीलाबाईच्या घरी गेली. तिन्ही वेळा लीलाबाई रानात गेलेली होती. तिसऱ्या वेळी तिची चप्पल दारातच होती.

वैशाखातल्या शुक्रवारी गाडी शाळेसमोर येऊन थांबली. व्हरांड्यात पंचवीस-तीस बायका जमल्या, कारण गाडी आली की बघायला जमायचंच असतं. लीलाबाईही होती. ती खांबाला टेकून ओच्यातली करवंदं निवडत बसली होती. डॉक्टर जान्हवी गाडीच्या दारात हातमोजे घेऊन उभ्या होत्या. अर्धा तास झाला. गाडीची पायरी कुणी चढलं नाही.

कमळनं पुन्हा सगळं सांगितलं. दुखत नाही, पैसे लागत नाहीत, आत बाईच आहे, पडदा आहे. बायका माना डोलवत होत्या.

"काकू, तुम्ही तरी चला," ती पुढच्या एकीला म्हणाली.

"मी? मी तर ठनठनीत हाय. तिला ने, ती सकाळपास्नं कन्हतीया."

"मी म्हशीपायी कन्हतीया. म्हशीला बघतंय का तुझं यंत्र?"

हशा पिकला. कमळनं तो ओसरू दिला आणि लीलाबाईसमोर जाऊन उकिडवी बसली.

"मावशी, तू चल. तू उठलीस की सगळ्या उठतील."

लीलाबाईनं एक किडकं करवंद बाजूला टाकलं. "कमळे, एक इचारू? राग न्हाई धरायचा."

"विचार."

"तुझ्या आईची तपासनी झालती ना?"

व्हरांडा गप्प झाला. हशा-थट्टेच्या खाली वर्षभर हेच दबून होतं, हे कमळला त्या गप्प होण्यावरून कळलं.

"तू सोताच म्हनालीस जत्रंत," लीलाबाई पुढं म्हणाली. "आमी पाचीजणींनी ऐकलं. तपासनी झाली, लेक त्याच खात्यात, आन् तीन म्हैन्यांत गोजरा गेली. मग ह्या पडद्याआड जाऊन आमी काय मिळवायचं? मरायचं ते मरायचंच, वर आनी आब घालवून?"

"तेच," मागून कुणीतरी म्हणालं.

डॉक्टर जान्हवी कमळकडं बघत होत्या. गोजराबाईचा कागद त्यांच्याच फाइलीत होता, कमळच्या अक्षरातला, खाली कमळच्या सहीचा. तपासणीच्या वहीत गोजराबाईचं नाव नसणार, हेही त्यांना शोधलं तर सापडलं असतं. त्यांनी आजवर शोधलं नव्हतं.

एक उत्तर कमळजवळ तयार होतं. कधीकधी तपासणीत आजार दिसत नाही, शंभरातल्या काहीजणींचा निसटतो. हे खरं होतं. प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, आणि ते म्हटलं असतं तर कुणी तिला बोल लावला नसता. लीलाबाई मान हलवून ओचा सावरून उठली असती आणि तिचं डोळ्यांचं कारण होतं तसं घेऊन घरी गेली असती. आणि पुढच्या वर्षी सगळे म्हणाले असते, लीलाबाई पोटाच्या दुखण्यानं गेली.

कमळ उठून उभी राहिली. ती बोलायला लागली तेव्हा कामावरची भाषा तिच्या तोंडी नव्हती. जी आली ती वाडीतलीच होती.

"माझी आई कॅन्सरनं गेली. पोटाच्या दुखन्यानं न्हाई. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. जो ह्या गाडीत बघत्यात, तोच."

मागच्या बायका पुढं सरकल्या.

"आन् तिची तपासनी झाली नव्हती. जत्रंत मी खोटं बोलले. ती बी खोटं बोलली, पर ती माझ्यापायी. तिचा कागद मी बावधनात बसून भरला. अंगावर जातंय का, ह्याच्याम्होरं न्हाई लिव्हलं. तवा तिला दोन म्हैनं जात हुतं. गुडघं धरलं नव्हतं तिचं, मावशी. म्हनून निवद सोडला हुता तिनं."

लीलाबाईचा करवंदातला हात थांबला.

"दवाखान्यात डाक्टरनं इचारल्याबरूबर तिनं सांगितलं. मी तितंच हुते. कुनी इचारलंच न्हाई, म्हनाली. मी इचारलं असतं तर मला बी सांगितलं असतं. तपासनी करून माझी आई गेली न्हाई. तपासनी झाली न्हाई म्हनून गेली."

लीलाबाईनं ओच्यातली करवंदं शेजारणीच्या पदरात ओतली. खांबाला धरून ती सावकाश उठली, लुगडं झटकलं आणि व्हरांड्याची पायरी उतरली. गाडीपाशी पोचून तिनं दांडीवर हात ठेवला. डॉक्टर जान्हवी तिला वाट द्यायला बाजूला सरल्या. पण वर चढायच्या आधी ती कमळकडं वळली.

"आन् मग इचारलं का न्हाईस गं तिला?" ती हळू म्हणाली. "आई हुती की तुझी."

"लाज वाटली, मावशी," कमळ म्हणाली. "साऱ्या मुलखाच्या बायांना इचारलं. माझ्या आईला इचारायची मला लाज वाटली."