पाहुण्यांच्या बाकासमोरचा पट्टा

सिरिल बूथ वारला आणि मे महिन्यात थॅकर्बी टाउन क्लबच्या अख्ख्या फुटबॉल मैदानात पेरला गेला. सुटला तो फक्त पाहुण्या संघाच्या बाकासमोरचा पट्टा.

पण असं काही घडलेलंच नाही. मैदानात कुणाचीही रक्षा टाकायला क्लबची सक्त मनाई आहे आणि ग्राउंड्समन नॉरिस क्लेग नियमाबाहेर जाणारा माणूस नाही. त्या दिवशी तो फक्त गवत पेरत होता.

मोसम संपला होता. गोलसमोर आणि बाकांसमोर गवत कमी आणि चिखल जास्त उरला होता. नॉरिसनं ट्रॅक्टरला पेरणीचं यंत्र जोडलं. त्याच्या चकत्या जुन्या हिरवळीत बारीक चिरा पाडत, चिरांत बी पडे आणि मागचा रूळ माती दाबत जाई. जुनं गवत उपटायचं नाही, त्याच्यातच नवं घुसवायचं. तो बियाण्याची शेवटची पोती पेटीत रिकामी करत होता, तेवढ्यात मिसेस बूथ बाजाराची पिशवी घेऊन आल्या. पिशवीत बिस्किटांचा डबा होता.

“नॉरिस राजा, तेवढं सिरिलचं बघ ना,” गळका नळ दुरुस्त करायला सांगावं तशा सुरात त्या म्हणाल्या.

“मिसेस बूथ, गेल्या वर्षीचं विसरलात?”

गेल्या वर्षी कुणीतरी चोरून आपल्या माणसाची रक्षा गोलसमोर ओतली होती. रक्षेचा ढीग गवत जाळतो. तिथे जेवणाच्या टेबलाएवढं टक्कल पडलं, शेवटच्या सामन्यात गोलकीपर त्यावरच घसरला आणि टाउन एक पायरी खालच्या गटात गेलं. समितीनं ठरवलं, आणखी एक टक्कल दिसलं की हिरवळ खरवडून प्लास्टिकचं गवत अंथरायचं. प्लास्टिकला ग्राउंड्समन लागत नाही. नॉरिसला गवताखेरीज दुसरं काही येत नव्हतं.

“मध्यावर टाक थोडंसं,” मिसेस बूथ म्हणाल्या.

“मध्यावर टक्कल पडेल.”

“त्याला होतंच की. चाळिशीतच पडलं.”

“सिरिलला माझं गवत कधी आवडलं नाही. दर शनिवारी प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून ओरडून सांगायचा.”

“माझा स्वयंपाकही आवडायचा नाही. पण जेवायला दुसरीकडे कधी गेला नाही.”

नॉरिसनं मैदानाकडे पाहिलं, मग डब्याकडे. एका जागी ढीग म्हणजे टक्कल. अख्ख्या मैदानावर चिमूट चिमूट म्हणजे काहीच नाही.

“मी आता चहा ओततोय,” तो म्हणाला. “माझी पाठ तिकडे असताना पेटीत काय पडतं, ते मला दिसत नाही.”

थर्मासमधून एक कप चहा ओतायला त्याला बराच वेळ लागला. मग गुठळ्या होऊन भोकं तुंबू नयेत म्हणून त्यानं पेटीत कोरडी वाळू घातली आणि काठीनं सगळं ढवळलं.

“हळू रे,” मिसेस बूथ म्हणाल्या. “गुदगुल्या व्हायच्या त्याला.”

ट्रॅक्टर निघाला. त्या घरच्या संघाच्या बाकावर बसून बघत राहिल्या. तो पलीकडच्या टोकाला पोचताच मात्र त्या छत्री हलवत मैदानात आल्या.

“थांब, थांब. तिथे नको. ते पाहुण्यांचं बाक आहे. तिथे सिरिल एक मिनिट टिकायचा नाही.”

“अहो, बी पडायला हवं तिथेही.”

“जिवंतपणी गेला नाही तिकडे. आता कशाला पाठवतोस?”

नॉरिसनं दांडा ओढून यंत्र उचललं, तेवढा पट्टा कोराच सोडला आणि पुढे जाऊन यंत्र पुन्हा टेकवलं. उरलेल्या पट्ट्यात नंतर नुसतं बी पेरू, असं त्यानं ठरवलं. संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की नुसतं बी उरलेलंच नाही. जे होतं ते सगळं सिरिलबरोबर गेलं होतं.

जुलैत मैदान असं दाट, गर्द हिरवं झालं की लोक कुंपणाशी थांबून बघायला लागले. पाहुण्यांच्या बाकासमोर तेवढी उघडी माती. क्लबचे सचिव ग्लेडहिल समितीच्या वतीनं पाहणीला आले आणि नेमके तिथेच उभे राहिले.

“नॉरिस, हे काय?”

“सावली पडते, साहेब.”

“कशाची?”

“ढगांची.”

ग्लेडहिलांनी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. मग त्यांनी पूर्वेकडच्या पायऱ्यांकडे पाहिलं. तिथे ते आणि सिरिल वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून पंचांना शिव्या देत आले होते.

“सिरिल या बाजूला कधी फिरकला नाही,” ते हळूच म्हणाले.

“कोण सिरिल?”

“तेच म्हणतोय मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नॉरिसच्या शेडच्या दाराशी बियाण्याची एक छोटी पिशवी होती. त्यानं तो पट्टा हातानंच पेरला. प्लास्टिकचा विषय समितीत पुन्हा निघाला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या सामन्याला मिसेस बूथ पायऱ्यांवर सिरिलच्या जागी उभ्या राहिल्या. टाउनचा डावा विंगर धावत आला, थांबला आणि कंबरेवर हात ठेवून गवतावर पचकन थुंकला. मिसेस बूथनी डोळे मिटून घेतले. सोमवारी समितीला त्यांचा अर्ज मिळाला:

“समितीस नम्र विनंती की, यापुढे सामना चालू असताना दोन्ही संघांच्या खेळाडूंना मैदानात कोठेही थुंकण्यास मनाई करण्यात यावी. पाहुण्यांच्या बाकासमोरील पट्ट्यास हा नियम लागू करण्याची आवश्यकता नाही.”